छत्तीसात एक

माझा धाकटा काका विहिरीत पडला आणि त्याचे पाय गेले, असं आमच्या घरात सांगत. पाहुण्यांना सांगत, सोयरीक घेऊन येणाऱ्यांना सांगत, आम्हा पोरांनाही तेच सांगत. पडला हे खरं होतं. विहीरही अजून आहे. फक्त क्रम उलटा होता. पाय आधी गेले होते, म्हणून तो पडला.

हे मला माहीत होतं, कारण मी पाहिलं होतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. जेवण झाल्यावर काका पाटावरून उठताना आधी गुडघ्यांवर हात टेकायचा, मग मांड्यांवर, मग आणखी वर. स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो उभा राहायचा. मला ती गंमत वाटायची आणि मीही तसं उठून दाखवायचो. एकदा आईनं पाठीत धपाटा घातला, तेव्हापासून बंद केलं. विहिरीचं प्रकरण त्यानंतर वर्षभरानं झालं. पुढं तो खाटेवरच होता. तिशी ओलांडायच्या आत गेला.

आमची मंडळी मूळची इथली नव्हेत. कोण्या एका दुष्काळात पूर्णेपलीकडून सात घरं बैलगाड्या जुंपून निघाली आणि जाफराबाद-हसनाबादच्या पट्ट्यात पाच-सहा गावांत पांगली, असं जुनी माणसं सांगत. आठवं एक घर होतं म्हणे, पण निघायच्या सकाळी त्यांच्या बैलाचा खूर फाटला आणि ते मागं राहिलं. बैलाचा खूर फाटतो, एक घर मागं राहतं, सात पुढं येतात. त्या सातांत कोणा एका माणसाच्या, बाईच्या किंवा पुरुषाच्या, रक्तात एक बारीक दोष होता. त्याला स्वतःला तो बाधत नव्हता. त्याला कधी कळलाही नसेल. त्यानं भरपूर मुलं जन्माला घातली, ती जगली, एवढंच.

आडनावं तीन. पोरी द्यायच्या-घ्यायच्या त्या आपसातच. त्यातही पोरगी आत्याच्या घरी जाणं सगळ्यांत चांगलं. सासू म्हणजे आत्याच, तिला परकं वाटायचं कारण नाही. आणि असे 'काका' इतर घरांतही होते. एकाचे पाय टायफॉइडमध्ये गेले होते. एक जीपच्या टपावरून पडला होता. एका बाईला म्हणे बाळंतपणात वारं लागलं होतं. प्रत्येक घरानं आपापली गोष्ट तयार केली होती आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर शंका घ्यायची नाही हे ठरून गेलं होतं. मुलगी बाहेर दिली तर बाहेरचे चौकशी करणार. घरात दिली तर झाकून राहील. म्हणून घरातच द्यायची. ज्यामुळं आजार येत होता, तेच आम्ही आजार झाकण्यासाठी करत होतो. हे लिहायला मला आता दोन ओळी लागल्या. तोंडानं सांगायला चोवीस वर्षं लागली.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. उत्क्रांती शिकवताना दरवर्षी एक प्रयोग घेतो. एका डब्यात लाल चवळीचे पन्नास दाणे आणि पांढऱ्या चवळीचे पन्नास. एकीला डोळे मिटून दहा दाणे काढायला लावतो. समजा सहा लाल आले, चार पांढरे. मग त्याच प्रमाणात पुन्हा शंभर दाणे भरायचे, साठ आणि चाळीस. पुन्हा डोळे मिटून दहा. असं करत करत काही खेपांनी एक रंग डब्यातून संपूनच जातो. कधी आठव्या खेपेला, कधी विसाव्या. कोणता संपेल ते सांगता येत नाही. मुलं ओरडतात, "सर, लाल जिंकली!" मी सांगतो, जिंकली नाही, उरली. लाल चवळी चांगली होती असं नाही, पांढरी वाईट होती असंही नाही. मोठ्या कणगीतून मूठ काढली तर मुठीत कणगीसारखंच प्रमाण येतं. पण दहाच दाणे काढले तर काहीही येतं, आणि जे येतं तेच पुढं कणगीभर होतं.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "सर, मंग हे माणसांत बी होतं का?"

"होतं," म्हणालो, आणि घंटा व्हायला बराच वेळ असताना खडू ठेवला.

एम.एस्सी.ला असताना होस्टेलवर मी आमच्या सात घरांचा वंशवृक्ष काढला होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तो काळा भरायचा. मी टायफॉइडवाला भरला, टपावरून पडलेला भरला, बाळंतीण भरली, काका भरला. मग कागद लांब धरून पाहिला. कुणी सांगायची गरज नव्हती. तो कागद मी सुटकेसच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली ठेवला. घरी कोणाला दाखवला नाही. काय सांगणार होतो? आबांना, म्हणजे वडिलांना, एवढंच कळलं असतं की पोरगं शिकून आपल्याच घराला नावं ठेवतंय.

पुढं वर्षभरात मला नोकरी लागली आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरायला आलं.

त्या दिवशी आत्या सकाळच्याच जीपनं उतरली. पिशवीत नारळ, ब्लाउजपीस, साखर. ओसरीवर बसता बसता म्हणाली, "दादा, पोरगी माझ्याच घरची हाय. तुम्ही नुसती सांभाळली एवढे दिवस."

आबा हसले. "सांभाळायचा खर्चा दे मंग."

"पोरगा देऊन राह्यले ना. अजून काय पायजे?"

सगळे हसले. बहीण आत पोहे करत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. तिला तो पसंत होता. लहानपणापासून होता. मला हेही माहीत होतं.

आदल्या दोन दिवसांत मी हिशेब केला होता. काका आजारी, म्हणजे माझे आजोबा आणि आजी दोघांतही तो दोष लपलेला असणार. आबा धडधाकट, पण त्यांच्यात तो लपलेला असण्याची शक्यता तीनात दोन. त्यांच्याकडून बहिणीकडं यायची त्याच्या निम्मी, म्हणजे तीनात एक. तिकडं आत्याकडून तिच्या मुलात, तशीच तीनात एक. आणि दोघांतही असेल, तर एखादं मूल आजारी निघायची चारात एक. तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस. छत्तीसात एक.

हा आकडा मी जिभेखाली गोळीसारखा ठेवला होता. छत्तीसात एक म्हणजे काहीच नाही. रस्ता ओलांडताना माणूस याहून मोठा धोका घेतो. मी शास्त्राचा विद्यार्थी, मी उगाच घाबरणार नाही.

आता खरं लिहितो. आत्याचा नवराही आमच्या सात घरांतलाच होता. माझी आईही. ही दोन माणसं मी हिशेबात धरलीच नाहीत. विसरलो नव्हतो. ती धरली असती तर छत्तीस खाली आलं असतं, आणि किती खाली येतं ते मला पाहायचं नव्हतं.

कारण त्याच महिन्यात जालन्याचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलीचे वडील मुख्याध्यापक, आमच्या मंडळींच्या बाहेरचे, जातीतलेच पण लांबचे. शिकलेला जावई म्हणून ते आमच्यात यायला तयार झाले होते. मी त्या दिवशी ओसरीवर तोंड उघडलं असतं तर काकाची गोष्ट मोडली असती, आणि काकाची गोष्ट मोडली की माझं स्थळ मोडलं असतं. मी स्वतः बाहेर निघत होतो. बहीण आत चालली होती. मी दार धरून उभा होतो.

आबांनी विचारलं होतं. हे मला कधीही नाकारता येणार नाही. चहा झाल्यावर ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू शिकलेला. तुझं काय म्हणणं हाय?"

"तुम्ही ठरवाल ते," मी म्हणालो.

आत्यानं बहिणीला कुंकू लावलं.

माझंही लग्न झालं. दोन मुलं झाली, निरोगी. बहिणीलाही दोन मुली झाल्या. थोरली दहा वर्षांची होईपर्यंत मी जवळजवळ निर्धास्त झालो होतो. दर भाऊबीजेला जायचो, ती अंगणात लंगडी घालत असायची, आणि मी मोजायचो. सहा वर्षं, काही नाही. आठ वर्षं, काही नाही. अकराव्या वर्षी मला ओवाळायला बसलेल्या आईला तिनं बाजूला सारलं, "सरक ना गं, मला उठू दे" म्हणाली, आणि उठली.

आधी गुडघ्यांवर हात. मग मांड्यांवर.

ताटातला दिवा विझला नाही की काही नाही. मी ओवाळणी टाकली. बहिणीच्या हातच्या करंज्या खाल्ल्या. फाट्यापर्यंत चालत आलो आणि एसटीची वाट पाहत बसलो.

वर्षभर त्यांनी तेलं लावली, अंगारे लावले. मग मीच म्हणालो की शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवू. मेहुणे, बहीण, पोरगी आणि मी. डॉक्टर तरुण होते, बाहेरचे, मराठी तुटकं. अर्धं इंग्रजीत बोलत होते आणि माझ्याकडं पाहून बोलत होते, कारण मी सर होतो. त्यांनी रक्त घेतलं, मांडीतून बारीकसा तुकडा घेतला, आणि काही आठवड्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. हा स्नायूंचा आजार आहे. आई-वडील दोघांकडून येतो. औषध नाही. घरात आणखी कुणाला आहे का? लग्न नात्यात झालंय का? धाकट्या मुलीतही दोष लपलेला असू शकतो, तिचं लग्न ठरवण्याआधी तिची आणि मुलाची तपासणी करा, हे यांना नक्की सांगा.

'हे यांना नक्की सांगा' हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा म्हटलं.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणून राह्यले?"

"जन्मजात आहे," मी म्हणालो. "कुणाचा दोष नाही. हळूहळू वाढतं. व्यायाम सांगितलाय."

"अन् ते धाकटीचं काय म्हणले?"

"धाकटी चांगली आहे म्हणाले."

एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसं मराठी झालेलं पाहून डॉक्टर जरा थांबले. मग पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

ओसरीवर मी गप्प बसलो त्याला निदान म्हणायला आकडा तरी होता. इथं आकडा नव्हता. इथं मी सरळ खोटं बोललो, आणि तेही तिच्या आजारी पोरीसमोर. तिला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं.

त्यानंतरची दहा वर्षं बहिणीनं कारण शोधण्यात घालवली. म्हसोबाला बोकड कबूल केला. दर चैत्रात कोंबडं. कोणी सांगितलं की घराचा उंबरठा चुकलाय, तर उंबरठा हलवला. कोणी सांगितलं की काका लग्नाविना गेला, त्याचा आत्मा अडकलाय. आणि मी, ज्याला खरं कारण माहीत होतं, तो हे सगळं पाहत होतो. खरं कारण तरी काय होतं? कुणी पाप केलं नव्हतं. कुणाचा तळतळाट नव्हता. एका सकाळी सात घरं निघाली आणि एक मागं राहिलं, इतकंच. तिला मी हे सांगितलं असतं तर तिनं नवस कुणाला केला असता? नशीब म्हटलं की निदान ते लिहिणारा कुणीतरी असतो, त्याच्या पाया पडता येतं. डब्यात हात घालणाऱ्याच्या पाया कसं पडणार? त्याचे डोळेच मिटलेले. रात्रंदिवस याच विचारात मी सुकत गेलो आणि बायकोला वाटायचं मला साखर झाली.

मग गेल्या उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरायला आलं. तिच्या आत्याच्या घरी. म्हणजे माझ्या बहिणीच्या नणंदेच्या मुलाशी, हसनाबादकडचं गाव.

बहिणीनं फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं. मी फोन ठेवून पुन्हा हिशेब केला. धाकटीत दोष असण्याची शक्यता तीनात दोन. नणंदेचा भाऊ, म्हणजे मेहुणे, तर नक्कीच वाहक, तेव्हा तिच्यात निम्मी, तिच्या मुलात पाव. त्यातून मूल आजारी निघायची चोविसात एक, आणि तेही नणंदेचा नवरा सोडून, जो सात घरांतलाच. तो सोडायचा नाही असं मी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी जीपनं गेलो. बहीण अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होती. मोठं पातेलं, खाली चूल, हातात लाकडी दांडा. चीक हलवताना हात थांबला की गाठी होतात, त्यामुळं तिनं मान वर केली नाही. थोरली दारात चाकाच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप. ती गावाचे फॉर्म भरून देते, पीकविम्याचे, स्कॉलरशिपचे.

"या मामा," ती म्हणाली. "मी उठून पाया पडत न्हाई, तेवढं सांभाळून घ्या."

धाकटी पाणी घेऊन आली. मी तिला म्हणालो, तू पण बस. मेहुणे शेतात होते.

"काय रे दादा, तोंड काहून असं?" बहिणीनं विचारलं. "वहिनी बरी हाय ना?"

मी सांगायला सुरुवात केली. वर्गात सांगतो तसं आलं आधी. मग ते सोडलं आणि काकाच्या पायांपासून सांगितलं. कागद सांगितला. ओसरी सांगितली. जालन्याचं स्थळ सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं होतं, ते सांगितलं. दांडा गोल फिरत होता. मी बोललो त्यात कुठंही तो अडखळला नाही.

बोलणं संपल्यावर हात थांबला. थोड्या वेळानं चीक खाली लागल्याचा वास आला.

"तू तवा बोलला असता तर?" तिनं विचारलं.

"लग्न झालं नसतं."

"अन् दवाखान्यात बोलला असता तर?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"दहा वर्षं मी म्हसोबाला कोंबडं कापून राह्यले, दादा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दहा वर्षं. अन् तू जेवायला येत व्हता. रस्सा मस्त झाला म्हणत व्हता."

धाकटीनं पातेलं उतरवलं. थोरलीनं लॅपटॉप मिटला होता.

"तुझ्यात हाय का ते?" बहिणीनं विचारलं.

"माहीत नाही. कधी तपासलं नाही."

"शिकलेला ना तू?"

"हो."

"मंग आधी तू रक्त दे. तुझ्यासंगं ही देईल."

आम्ही तिघं गेलो, बहीण, धाकटी आणि मी. एसटीत बहीण धाकटीच्या शेजारी बसली, मी मागं. रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसलो असताना मला एकच इच्छा होती, माझ्यात तो दोष निघावा. आबांनी दोघांनाही सारखंच दिलं असं निघावं. मग मी तिला म्हणू शकलो असतो की बघ, आपण एकाच डब्यातले. माझ्या मुलांचं काय होईल याचाही विचार मी केला नाही. बाप म्हणून हे लिहायला नको, पण हे खरं आहे.

रिपोर्ट थोरलीच्या मोबाईलवर आले. ते इंग्रजीत होते आणि आता ते वाचायला मी लागत नव्हतो. तिनं बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर वाचले.

"धाकटी वाहक. तिला स्वतःला काही होणार न्हाई, पण तिच्यात हाय." तिनं बोटानं पुढचं पान सरकवलं. "मामा, तुम्ही साफ कोरे."



"एकच आई-बाप," बहीण म्हणाली. "तुला न्हाई, मला हाय."

"हो."

"काहून?"

तिला कारण हवं होतं. मी पंचवीस वर्षं हेच शिकवतोय. मी म्हणालो, "कारण नाही." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी तिसऱ्यांदा काहीतरी लपवतोय.

नणंदेला तिनं तिथंच, आमच्यासमोर फोन लावला. स्पीकरवर. मुलाचं रक्त तपासून घ्या, एवढंच म्हणाली.

"वहिनी, पोराचं रक्त तपासायला आम्ही काय जनावर विकून राह्यलो का?"

"तसं न्हाई, ताई..."

"तुमच्या पोरीत निघालं असंल, तर ते तुमच्या माहेरचं. आमच्यात बिलकुल न्हाई. आमच्या बापाला काय झाल्तं का कधी? ते मास्तरनं डोक्यात भरवलं ना? स्वतः बाहेरची करून बसला, अन् आता आम्हाला शिकवून राह्यला."

फोन कट झाला. शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

लग्न मोडलं. पंधरा दिवसांत आमच्या सगळ्या गावांत बोभाटा झाला की त्या घराच्या रक्तातच आहे. धाकटीला आणखी एक स्थळ चालून येत होतं, तेही आलं नाही. ती हसत नाही आताशा, पण माझ्याशी बोलते. "मामा, मी डी.एड.ला फॉर्म भरलाय," एवढं फोनवर सांगितलं तिनं. आणि नणंदेच्या मुलाचं दोन महिन्यांत दुसरीकडं जमलं. मुलगी आमच्या सात घरांतलीच. तिच्या चुलत्याचे पाय टायफॉइडमध्ये गेलेत.

मी त्या मुलीच्या घरी गेलो. एकदा रिकाम्या हातानं, एकदा वंशवृक्षाचा कागद घेऊन. पहिल्यांदा तिच्या वडिलांनी चहा पाजला. दुसऱ्यांदा दारातच म्हणाले, "सर, तुमच्या भाचीचं मोडलं म्हणून आमचं मोडायला येऊन राह्यले का?" मी म्हणालो, तसं नाही, नुसतं रक्त तपासा. ते म्हणाले, "एवढं माहीत होतं तर इतके दिवस कुठं गेल्ते?" मी परत फिरलो. चोवीस वर्षं मी गप्प राहिलो ते आपलं नुकसान होईल म्हणून. आता बोलतोय तर त्यातही माझाच फायदा आहे असं लोकांना दिसतं. खरं बोलायचीही वेळ असते आणि ती गेली की तेच शब्द डूख धरून बोलल्यासारखे वाटतात, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

रिपोर्टच्या दिवशी निघताना बहीण दारापर्यंत आली नाही. आतूनच म्हणाली, "भाऊबीजेला येऊ नको. पुढं मी सांगीन." तिनं अजून काही सांगितलेलं नाही. यंदाची भाऊबीज झाली. बायकोनं मला पाटावर बसवून पाहिलं, माझ्या मुलीनं ओवाळते म्हटलं. मी उठून गच्चीवर गेलो.

मात्र थोरलीनं मला त्या दिवशी अंगणात थांबवलं होतं. खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली, जो उंबरा तिच्यासाठी हलवला होता.

"मामा, एक इचारू? तुम्ही तेव्हा बोलले असते तर मी नसते. बराबर?"

"बरोबर."

"म्हणजे मी तुमच्या गप्प बसण्यामुळं हाय."

मी मान हलवली.

"ते बरं झालं का वाईट, हे मी रोज ठरवून बघते. अजून ठरलं न्हाई. आज सकाळी वाईट वाटत व्हतं. एकाचा फॉर्म रिजेक्ट झाल्ता, तो मी बराबर करून दिला, तवा बरं वाटलं. तुम्ही मला इचारायला आलते का कधी?"

"नाही."

"आईची माफी मागत बसता. माझी न्हाई मागितली."

मी मागायला लागलो. तिनं हात वर केला. तिचा उजवा हात आता खांद्यापर्यंत जात नाही, छातीपर्यंतच जातो. तेवढाच वर केला.

"आता नको. लिहून द्या," ती म्हणाली. "सगळं. काकाआजोबांपासून. नावं टाकू नका, आपल्यातल्यांना कळतंय कोण ते. मी टाइप करते अन् आपल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकते. सगळी घरं हायेत त्याच्यात. आमची आत्याबी हाय."

"लोक वाचतील का?"

"दुसऱ्याच्या घरची भानगड कोण सोडतं, मामा? पण शेवटी माफी मागू नका. माफी मागितली की लोक तुमच्याकडं बघत बसतात. तपासत न्हाईत."

म्हणून मागत नाही.

नणंदेच्या त्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. अजून काही दिवस आहेत. हा दोष रक्तावरून कळतो, एका चाचणीत. दोघांपैकी एकाचं कोरं निघालं तरी पुरे, मूल या आजारानं आजारी निघत नाही. दोघांतही निघालं तर लग्न करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा. टायफॉइडनं पाय असे जात नाहीत. टपावरून पडून असे जात नाहीत. विहिरीत पडूनही जात नाहीत, मी त्या घरातला आहे. ज्याला तपासायचं आहे त्याच्यासोबत मी येईन, रांगेत थांबेन, आणि डॉक्टर जे बोलतील ते शब्दन् शब्द मराठीत सांगेन. जाफराबादहून सकाळी सातची गाडी आहे. मी स्टँडवर असतो.